दोन दिवसांची उदासी आणि बारा महिन्यांचा हिशेब

शरीराच्या रोगांचा इतिहास लिहिणे त्या मानाने सोपे असते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा माणसे दगावली, वस्त्या ओस पडल्या, सरकारने कायदे केले, वर्तमानपत्रांनी रकाने भरले. त्यामुळे आज इतक्या वर्षांनीही त्या काळात काय घडले हे शोधून काढता येते. मनाच्या मोठ्या आजारांचाही थोडाफार इतिहास हाती लागतो, कारण त्यांच्यासाठी इस्पितळे निघाली, आणि इस्पितळ म्हटले की दप्तर आलेच. परंतु मनाचा एक त्रास असा आहे की तो दोन दिवस येतो, फार तर चार दिवस राहतो, आणि घरातल्या कोणी नीट विचारपूस करण्याआधीच निघून जातो. महिन्याभराने पुन्हा येतो. अशा त्रासाचे दप्तर कोणी ठेवायचे? प्रस्तुत लेखात या त्रासाचा, आणि त्याचा ऋतूंशी काय संबंध जोडला गेला त्याचा, जमेल तसा मागोवा घेतला आहे.

आधी त्रासाचे स्वरूप पाहू. दहावी-बारावीतला एखादा बरा चाललेला मुलगा एके सकाळी उठत नाही. जेवण नको, बोलणे नको, पुस्तक उघडले तरी अक्षर डोक्यात शिरत नाही, आपण कोणाच्याच कामाचे नाही असे त्याला वाटते. दोन-तीन दिवसांनी तोच मुलगा हसत-बोलत शाळेत जातो. घरच्यांना वाटते, नखरे होते, संपले. पुढच्या महिन्यात तेच घडले की अब्बा म्हणतात कामचोर आहे, आजी म्हणते नजर लागली, आणि शेजारीण हळूच म्हणते की काही असर वगैरे तर नाही ना. यातले कोणीही वाईट हेतूने बोलत नसते. मुलगा दोन दिवसांत बरा होतो म्हणून तो आजारी नव्हताच, असा सर्वांचा समज होतो. वैद्यकाला हा समज चुकीचा ठरवायला फार काळ लागला. या दोन दिवसांतले दुःख महिनोन्महिने चालणाऱ्या नैराश्याइतकेच खोल असू शकते, फरक फक्त मुदतीचा असतो, ही गोष्ट विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच पक्की झाली.

तरीही जुन्या हकिमांना यातले काहीच कळत नव्हते असे म्हणता येणार नाही. ग्रीक वैद्य हिपॉक्रेटिस याच्या नावावरील सूत्रांत कोणत्या ऋतूत कोणते रोग वाढतात याची यादी आहे, आणि तीत उदासीचा रोग वसंतातही येतो व शरदातही. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांच्या सुमारास होऊन गेलेल्या रूफस या वैद्याने उदासीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तो मूळ ग्रीकमध्ये नष्ट झाला, आणि आज त्याबद्दल जे कळते ते बरेचसे अरबी वैद्यांनी घेतलेल्या उताऱ्यांवरून. दहाव्या शतकाच्या आरंभी बगदादहून ट्युनिसच्या बाजूला कैरवान येथे गेलेला इसहाक इब्न इम्रान याने ‘मालीखुलिया’वर एक प्रबंध लिहिला. अकराव्या शतकात त्याचे लॅटिन भाषांतर झाले आणि युरोपातील वैद्यांच्या पिढ्या त्यावर शिकल्या. अति वाचन व अति चिंतन करणारे विद्वान, तसेच स्वतःला झिजवून घेणारे साधक यांना हा रोग लवकर गाठतो, असे इसहाक सांगतो. परीक्षेच्या दिवसांत आपल्या मुलांकडे पाहताना हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

माझ्या मते मात्र या सर्वांत आपल्या विषयाच्या सर्वांत जवळ आलेला लेखक म्हणजे अबू ज़ैद अल-बल्खी. इ. स. ९३४ मध्ये त्याचे निधन झाले. ‘मसालिह अल-अब्दान वल-अन्फुस’, म्हणजे देह आणि मन यांचे हित, असा त्याचा ग्रंथ असून त्याचे हस्तलिखित इस्तंबूलच्या आयासोफिया संग्रहात राहिले. देहाला आजार होतात तसेच मनालाही होतात, आणि मनाच्या आजारातून कोणीच पूर्ण सुटलेला नसतो, असे तो सरळ लिहितो. दुःखाचे तो दोन प्रकार करतो. एकाचे कारण ठाऊक असते, जसे जवळचे माणूस जाणे किंवा मालमत्ता बुडणे. दुसऱ्याचे कारण माणसाला स्वतःला सांगता येत नाही. ते देहातून येते आणि त्याला देहाचाच उपचार हवा. कारण नसताना आलेल्या दुःखाबद्दल माणसाला दोष देऊ नये, हे यातून आपोआपच निघते. तो आणखी एक गोष्ट सांगतो. माणूस घरात औषधे आधीच आणून ठेवतो, त्याप्रमाणे मन निरोगी असताना चांगले विचार साठवून ठेवावेत, म्हणजे मन बिघडेल तेव्हा ते हाताशी असतील. जो त्रास पुन्हा पुन्हा येतो, त्याला हा सल्ला चपखल लागू पडतो, कारण येथे दोन त्रासांच्या मधे चांगले दिवस असतात आणि तयारी त्या दिवसांतच करता येते.

युनानी वैद्यकाने चार ऋतूंना चार दोष वाटून दिले होते. वसंताला रक्त, उन्हाळ्याला पिवळे पित्त, हिवाळ्याला कफ आणि शरदाला काळे पित्त, म्हणजे ‘सौदा’. उदासी सौद्यातून येते, म्हणून तिचा ऋतू शरद, अरबीत ‘ख़रीफ़’. आता गंमत पाहा. हाच शब्द हिंदुस्थानात आला आणि महसुलाच्या दप्तरात शिरला, आणि आपल्या सात-बाराच्या उताऱ्यावर खरीप म्हणजे पावसात पेरलेले पीक झाले. अरबस्तानातला पानगळीचा ऋतू आपल्याकडे येता येता आषाढ-श्रावणाचे पीक झाला, कारण येथील वर्षाची घडणच वेगळी. शब्दाने जमीन ओळखून अर्थ बदलला. उदासीच्या ऋतूबद्दल मात्र आपण अजूनही दुसऱ्यांचे पंचांग वापरतो, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे आधुनिक काळातही हीच अडचण आली.

आपल्या आयुर्वेदात ऋतूंची मांडणी सहांची आहे. वर्षा ऋतूत वाताचा प्रकोप होतो असे तो मानतो, आणि चरकसंहितेत वातापासून होणाऱ्या ऐंशी विकारांची जी यादी आहे तीत ‘विषाद’ हे नाव आढळते. ही दोन विधाने एकत्र वाचली तर विषादाचा काळ पावसाळा ठरतो. हा जोड माझा आहे हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. तरीही येथल्या मातीतल्या वैद्याला येथला पाऊस दिसला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. वैद्यकाबाहेर पाहायचे तर ‘बारहमासा’ नावाचा काव्यप्रकार उत्तर हिंदुस्थानात फार जुना आहे. घरधनी परगावी, आणि मागे राहिलेली स्त्री एकेका महिन्याचे दुःख सांगते. उर्दूतील या प्रकारातली सर्वांत जुनी समजली जाणारी रचना, ‘बिकट कहानी’, १६२५ साली वारलेल्या मुहम्मद अफ़ज़लची आहे. काव्य हे रुग्णाचे टिपण नसते, विरहाची ती एक ठरलेली रीत आहे, हे खरे. पण वर्षाच्या बारा महिन्यांत मन सारखे राहत नाही, आणि ते महिन्यागणिक मांडावे, ही जाणीव आपल्या लोकांना होती एवढे त्यावरून दिसते.

महाराष्ट्राच्या इतिहासात उदासीची नोंद शोधू गेल्यास अहमदनगरचा (आजचे अहिल्यानगर) मुर्तझा निजामशाह पहिला याचे नाव डोळ्यांसमोर येते. १५६५ ते १५८८ ही त्याची कारकीर्द. तो वर्षानुवर्षे लोकांसमोर आला नाही, कारभार सलाबतखानासारख्या मंत्र्यांच्या हाती राहिला, आणि इतिहासात सुलतानाचे टोपणनाव ‘दिवाना’ असे पडले. डोंगरावरची सलाबतखानाची कबर आज लोक चांदबिबीचा महाल म्हणून पाहायला जातात. सुलतानाला नेमके काय झाले होते हे चारशे वर्षांनंतर सांगू नये. तो सुलतान होता आणि त्याचा एकांत मोठा होता, म्हणून तो बखरीत आला. त्याच्याच शहरातल्या एखाद्या विणकराचे महिन्यातून दोन दिवस माग बंद ठेवणे कोणी लिहून ठेवणार नव्हते.

मुंबईत हीच गोष्ट दप्तरांच्या रूपाने दिसते. १८२६ साली कुलाब्याला वेड्यांचे इस्पितळ बांधले गेले, आणि त्याच वर्षी त्याच कुलाब्याला ईस्ट इंडिया कंपनीने वेधशाळा काढली. एकीकडे माणसांची नोंद, दुसरीकडे हवेची. वेधशाळेत १८४१ पासून हवामानाची नियमित निरीक्षणे सुरू झाली, १८९६ मध्ये नानाभाई मूस हे तिचे पहिले भारतीय संचालक झाले, आणि शहरात विजेच्या ट्राम येणार म्हणून चुंबकीय मोजमापाचे काम अलिबागला हलवले गेले. हवेच्या नोंदी अशा तऱ्हेने काटेकोर होत गेल्या. वेड्यांच्या इस्पितळाच्या नोंदी मात्र कायद्याने घडवल्या. १८५८ च्या कायद्याखाली आणि पुढे १९१२ च्या कायद्याखाली तेथे मुख्यतः जो आणला जाई तो रस्त्यावर भटकणारा, धोकादायक ठरवलेला, किंवा घरच्यांना पूर्णपणे अनावर झालेला. १९०१ साली ठाण्याचे इस्पितळ निघाले, तेथेही तोच कायदा. गिरणीतला कामगार महिन्यातून दोन पाळ्या चुकवून घरी भिंतीकडे तोंड करून पडला, तर त्याचा पगार कापला जाई, नाव कोणत्याही वैद्यकीय वहीत येत नसे.

सारी गोष्ट येथे आहे. ज्या लोकांना मोजले तेच आजारी दिसले. इस्पितळाच्या भिंतींआड मोजणी झाली तोपर्यंत उदासी म्हणजे महिनोन्महिने चालणारा रोग, असेच डॉक्टरांना वाटत राहिले. १९२९ साली शिकागोच्या हॅरी पास्किंड या डॉक्टरने इस्पितळाबाहेरचे, स्वतःच्या पायांनी दवाखान्यात येणारे रुग्ण तपासले. ६३३ पैकी ८८ जणांना काही तासांपासून काही दिवसांपर्यंतच टिकणारे झटके येत होते, आणि लक्षणे मोठ्या आजारासारखीच होती. त्याच्या लेखाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. आपल्याकडे सर्वसाधारण इस्पितळातला मनोविकारांचा पहिला बाह्यरुग्ण विभाग १९३३ साली कलकत्त्यात निघाला, आणि १९३८ मध्ये मुंबईच्या जे. जे. इस्पितळात डॉ. मसानी यांनी तो सुरू केला. त्यामुळे दिवसा कामावर जाणारा माणूस, वेड्यांच्या इस्पितळाची पायरी न चढता, मनाची तक्रार घेऊन डॉक्टरपुढे बसू शकला.

यापुढचे पाऊल स्वित्झर्लंडमध्ये पडले. झुरिचचे डॉ. यूल्स आंग्स्ट यांनी १९७८ पासून एकोणीस-वीस वर्षांच्या ५९१ तरुण-तरुणींना हाताशी धरले. हे रुग्ण नव्हते, त्या प्रांतातले सामान्य नागरिक होते. त्यांना पुढे अनेक वर्षे ठरावीक अंतराने प्रश्न विचारले गेले. तेव्हा असे दिसले की बऱ्याच जणांना एक ते तीन दिवसांची खोल उदासी येते, ती साधारण महिन्याला एकदा पण अनियमितपणे येते, आणि कामाचे व नात्यांचे मोठे नुकसान करून जाते. वर्षभरात असे सापडणारे शंभरात पाचाच्या आसपास होते. १९८५ मध्ये त्याला ‘आवर्ती अल्पकालीन नैराश्य’ अशा अर्थाचे नाव मिळाले, आणि १९९२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या वर्गीकरणात त्याला स्वतःची जागा मिळाली. अट अशी की त्रास वर्षभर साधारण दरमहा येत राहिला पाहिजे, प्रत्येक वेळी दोन आठवड्यांच्या आत, बहुधा दोन-तीन दिवसांत, पूर्ण उतरला पाहिजे, आणि स्त्रियांच्या बाबतीत तो केवळ मासिक पाळीशीच बांधलेला नसावा. तसा असल्यास त्याचा विचार वेगळा करतात. त्याआधी १९८९ मध्ये लंडनच्या डॉ. मॉन्टगोमेरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन दिवसांच्या नैराश्याचा आणि जिवावर उदार होण्याच्या प्रयत्नांचा संबंध मांडला होता. म्हणून ‘दोन दिवसांत जाईल’ हे वाक्य धीर देण्यासाठी ठीक आहे, पण त्या दोन दिवसांत मुलाला एकटे सोडण्यासाठी नाही.

ऋतूंचा धागा याच काळात वेगळ्या बाजूने विणला जात होता. फ्रान्सचे डॉ. एस्किरोल यांनी १८३८ च्या आपल्या ग्रंथात एका बेल्जियन गृहस्थाची हकीकत दिली आहे. तो दर हिवाळ्याच्या तोंडाशी खचे, आणि डॉक्टरांनी त्याला थंडीआधी इटलीत जाऊन मे महिन्यात परतण्यास सांगितले. १८९८ साली दक्षिण ध्रुवाजवळच्या बर्फात अडकलेल्या ‘बेल्जिका’ जहाजावर सूर्य दोन महिन्यांहून अधिक काळ उगवला नाही. खलाशी खचत गेले तेव्हा जहाजावरचे डॉ. फ्रेडरिक कुक यांनी त्यांना उघड्या आगीपुढे बसवायला सुरुवात केली. परंतु आधुनिक संशोधनाला चालना दिली ती एका रुग्णाच्या वहीने. हर्बर्ट कर्न नावाच्या अमेरिकन अभियंत्याने आपल्या मनाचे चढउतार बरीच वर्षे स्वतःच टिपून ठेवले होते. हिवाळ्यात आपण खचतो आणि वसंतात उभारी येते हे त्याने डॉक्टरांना कागदावर दाखवले. तेजस्वी दिव्यांनी त्याच्यावर उपचार झाले आणि १९८२ मध्ये ती हकीकत छापली गेली. दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत गेलेले डॉ. नॉर्मन रोझेन्थाल यांना स्वतःलाही तिकडचा हिवाळा जड गेला होता. त्यांनी १९८४ मध्ये अशा २९ रुग्णांचे वर्णन करून ऋतूनिष्ठ नैराश्याला नाव दिले. १९९२ मध्ये जर्मनीत डॉ. कास्पर व सहकाऱ्यांनी हे दोन धागे एकत्र आणले. अल्पकालीन नैराश्य असलेल्यांपैकी काहींचे झटके ठरावीक ऋतूत वाढतात असे त्यांना दिसले. ‘काहींचे’ हा शब्द महत्त्वाचा आहे. आंग्स्ट यांच्या निरीक्षणात बहुतेकांचे झटके अनियमितच होते.

हे सारे हिवाळ्याचे शास्त्र झाले. लंडनला डिसेंबरचा दिवस आठ तासांहूनही लहान असतो आणि जूनचा साडेसोळा तासांहून मोठा. मुंबईत हा फरक सव्वादोन तासांच्या आसपास, अकरा तास ते सव्वातेरा तास. तेव्हा आपल्याकडे अंधाराचा ऋतू नाही असे कोणी म्हणेल. पण दिवसाची लांबी निराळी आणि ऊन निराळे. वेधशाळांत काचेचा एक भरीव गोळा ठेवतात, ऊन असेल तोवर त्याखालच्या कागदी पट्टीवर जळकी रेघ उमटत जाते, आणि रेघेच्या लांबीवरून उन्हाचे तास मोजतात. मुंबईत मे महिन्यात ही सरासरी दिवसाला साडेनऊ तासांच्या घरात असते, जानेवारीत पावणेनऊच्या आसपास. जून येताच ती पाचावर घसरते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये अडीच तासांखाली जाते. म्हणजे वर्षातले सर्वांत लांब दिवस संपता संपता आपला उजेड एक-चतुर्थांशावर येतो, आणि हिवाळा, जो झुरिचला काळोखा, तो आपल्याकडे लख्ख असतो. १९८७ मध्ये अमेरिकेतच उन्हाळ्यात खचणाऱ्यांचे वर्णन झाले, आणि १९८८ मध्ये उत्तर भारतातून पाश्चात्त्य नमुन्याहून वेगळ्या अशा तीन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध झाली. हिवाळ्याचे पंचांग सर्वांना लागू पडत नाही हे त्यावरून उघड झाले. म्हणून मुंबईच्या डॉक्टरला आणि पालकाला शोध घ्यायचा तर त्याने आधी आषाढ-श्रावणाकडे पाहावे, असे मला वाटते. पाहावे म्हणतो, गृहीत धरावे असे म्हणत नाही.

आता विक्रोळीकडे वळू. १९४३ साली गोदरेजांनी येथली जमीन घेतली तेव्हापासून कारखाने वाढले, पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या लोखंडी मतपेट्या येथे बनल्या, कन्नमवार नगर आणि टागोर नगर येथे गृहनिर्माण मंडळाच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि टेकडीच्या अंगावर पार्कसाइट, सूर्यनगर यांच्या बाजूला दाट वस्ती चढत गेली. या वस्तीतला पावसाळा वेधशाळेच्या पट्टीवर पूर्ण दिसत नाही. मे अखेरीस पत्र्यावर निळी ताडपत्री ओढली जाते, खिडकीला प्लास्टिक लागते, आणि घरात दिवसभर ट्यूबलाइट जळू लागते. प्रकाश मोजण्याचे एकक लक्स. घरातल्या ट्यूबलाइटखाली तो एक-दोनशे लक्स भरतो, बाहेर पावसाळी आभाळाखालीही काही हजार, आणि भर उन्हात लाखाच्या जवळ. परदेशात उपचारासाठी जे दिवे वापरतात ते दहा हजार लक्सचे, सकाळी सुमारे अर्धा तास. यावरून एवढे कळते की जुलैच्या ढगाळ सकाळी छत्री घेऊन अर्धा तास बाहेर राहिलेल्या मुलाला घरात बसलेल्यापेक्षा कितीतरी पट उजेड मिळतो.

तथापि सगळा दोष उजेडावर टाकणे म्हणजे दुसरी चूक करणे होईल. जून हा शाळेच्या फीचा आणि वह्या-पुस्तकांचा महिना. पावसात रंगकाम, बांधकाम, फेरीचा धंदा बसतो, त्यामुळे घरात पैसा कमी आणि चिडचिड जास्त. घरातले सगळे आळीपाळीने तापाने पडतात. टेकडीवरच्या घरांत जोराच्या पावसाच्या रात्री झोप लागत नाही, आणि जुलै २०२१ मध्ये सूर्यनगरला दरड कोसळून माणसे गेली तेव्हापासून ती भीती कोणी खोटी म्हणू शकत नाही. झोप तुटली की मन खचते, हे तर पाळीत काम करणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला ठाऊक आहे. युरोपात आत्महत्या हिवाळ्यात नव्हे तर वसंत व उन्हाळ्याच्या सुरुवातीला वाढतात असे आकड्यांत दिसले, तेव्हा १८९७ मध्ये समाजशास्त्रज्ञ दुर्खीम यांनी हवेऐवजी समाजजीवनाच्या गतीकडे बोट दाखवले. ऋतू म्हणजे ढग, तशीच फी, भाडे, परीक्षा आणि निकालही.

हे वेगळे कसे करायचे? येथे आपल्या घरांत टांगलेले दुसरे कॅलेंडर उपयोगी पडते. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, त्यामुळे प्रत्येक महिना दर साली दहा-अकरा दिवस मागे सरकतो आणि तेहतीस वर्षांच्या सुमारास सर्व ऋतूंतून फिरून येतो. १९८३ मध्ये रमजान जूनमध्ये सुरू झाला होता, १९९९ मध्ये तो डिसेंबरात आला, आणि २०१६ मध्ये पुन्हा जूनमध्ये. रमजानात सेहरीमुळे झोपेच्या व जेवणाच्या वेळा बदलतात. समजा एखाद्याचे वाईट दिवस काही वर्षे रमजानच्या आसपास वाढले. ते झोपेमुळे की हवेमुळे? पाच-सहा वर्षांत रमजान दोन महिने मागे सरकतो. वाईट दिवस त्याच्याबरोबर सरकले तर कारण झोपेच्या वेळांत शोधावे, आणि जेथल्या तेथे राहिले तर ऋतूत. आजारी माणसाने रोजा व औषध यांची सांगड कशी घालावी हे डॉक्टर आणि जाणते आलिम दोघांना विचारून ठरवावे. स्वतःच्या मनाने चालू औषध बंद करू नये.

उपचाराबद्दल थोडेच सांगतो, कारण तो डॉक्टरांचा प्रांत आहे. अशा अल्पकालीन त्रासावर औषधांचा अनुभव मिश्र आहे, म्हणून दुसऱ्याच्या गोळ्या आणून देणे घातक. रक्त कमी असणे, थायरॉइडचा दोष अशी साधी कारणेही असू शकतात, ती आधी तपासली जातात. सायनच्या पालिका इस्पितळात आणि परळच्या केईएममध्ये मनोविकारांचा बाह्यरुग्ण विभाग आहे. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेली-मानस’ ही सरकारी सेवा कोणत्याही वेळी फोनवर बोलायला उपलब्ध आहे, मराठीतूनही. जिवावर उदार झालेल्या मुलाला पोलीस पकडतील या भीतीने पूर्वी घरचे लोक गप्प बसत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने अशा व्यक्तीला तीव्र ताणाखाली असलेली समजून मदत द्यावी असे ठरवले आहे. दर्ग्यावर जाऊन दुवा मागण्यात गैर काही नाही. पण उपचाराच्या जागी साखळी आली की काय होते, ते ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत एरवाडी येथे साऱ्या देशाने पाहिले. तेथील एका खासगी आश्रयस्थानात बांधून ठेवलेले मनोरुग्ण आगीत सुटू शकले नाहीत, २८ जण गेले.

आता पुन्हा दप्तराकडे येतो. सुलतानाच्या बखरीत, वेड्यांच्या इस्पितळात, वेधशाळेच्या पट्टीवर हा दोन दिवसांचा त्रास सापडला नाही. तो कदाचित एका अगदी साध्या दप्तरात सापडेल, आणि ते प्रत्येक शाळेच्या कपाटात आहे. ते म्हणजे हजेरीपट. मास्तर महिना संपला की बेरीज करतात, टक्केवारी काढतात आणि पान उलटतात. जून ते एप्रिल अशी अकरा पाने शेजारी मांडली तर वेगळेच काही दिसू शकते. एखादा मुलगा जूनमध्ये ओळीने दोन दिवस गैरहजर, जुलैत तीन, ऑगस्टमध्ये दोनदा दोन, मग ऑक्टोबरपर्यंत एकही नाही. तापाची चिठ्ठी नाही, गावी गेल्याची नोंद नाही. अशा खुणांवरून कोणाला आजारी ठरवू नये, मुलींच्या बाबतीत तर अधिकच सावध राहावे, आणि वर्गासमोर याचा उच्चारही करू नये. पालकाला बाजूला बोलावून एवढेच विचारावे की या दिवसांत घरी काय घडत होते. पालकाने घरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने एक खूण करावी, सोबत झोप किती झाली, पाऊस होता की ऊन, घरात कसली ओढ होती आणि हिजरी तारीख कोणती, एवढे लिहावे. मूल मोठे असेल तर हे त्याने स्वतःच लिहिलेले बरे. अशी बारा पाने भरली की ती घेऊन डॉक्टरकडे जाता येते, कारण तेथे विचारला जाणारा पहिला प्रश्न ‘केव्हापासून आणि किती वेळा’ हाच असतो.